एका खिडकीत पाच पेट्या

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेलो होतो की माझी चार ई-मेल खाती मी एकाच प्रोग्रामात बघतो. त्यावर एकोणीस पत्रं आली. अकरा व्हॉट्सॲपवर, सात मेलवर आणि एक पोस्टकार्डावर, एरंडोलहून. पिनकोडचे सहाही आकडे चौकटीत, सुवाच्य. ते कार्ड मी घरात सगळ्यांना दाखवलं.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी भुसावळच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सदतीस वर्षं सॉर्टर होतो. कॉम्प्युटर मुलाच्या पुस्तकांवरून शिकलो, तोही पन्नाशी जवळ आल्यावर. त्यामुळे माझं उत्तर इंजिनिअरचं नसतं, टपालवाल्याचं असतं. चालवून घ्या.

सावद्याहून केळीचे एक व्यापारी लिहितात : फर्म वडिलांच्या वेळची, पण मेलचे पत्ते पाच झालेत. माझं जुनं जीमेल, जीएसटीसाठी सीएंकडच्या माणसानं काढून दिलेलं दुसरं जीमेल, वेबसाइटसोबत आलेलं फर्मच्या नावाचं, निर्यातीच्या कागदांसाठी एक आणि मुलानं उघडलेलं आउटलुकचं. दिवसभर एकातून बाहेर पड, दुसऱ्यात शिर. गेल्या मोसमात दुबईच्या पार्टीला भाव कळवला तो मुलाच्या खात्यातून गेला. त्यांना वाटलं, भलताच कुणी बोलतोय. उत्तरच नाही. माल न्हावाशेव्याला दोन दिवस पडून. कंटेनर तेरा-चौदा अंशांवर असला म्हणून काय झालं, केळी ती केळीच. सगळं एका जागी दिसेल आणि तरी गल्लत होणार नाही, असं काही आहे का?

नाना, प्रश्नाचा पहिला भाग अर्ध्या तासाचा आहे. दुसऱ्या भागासाठी सवय लागते.

आमच्यासमोर लाकडी सॉर्टिंग केस असायची, नुसते कप्पेच कप्पे. थैली टेबलावर उलटी केली की जळगाव, धुळे, अकोला, सुरत सगळ्यांची पत्रं एकमेकांच्या अंगावर. टेबलावर मिसळली म्हणून कुणाला कधी मेमो मिळाला नाही. धुळ्याचं पत्र नांदेडच्या थैलीत गेलं की मात्र तिकडून त्यावर ‘मिससेंट’चा शिक्का बसून ते परत फिरायचं, आणि मागोमाग खुलासा मागणारा कागद. तुमची दुबईची मेल मिससेंट झाली. टेबल एक असायला हरकत नाही, थैल्या वेगळ्या बांधल्या पाहिजेत.

मी थंडरबर्ड वापरतो. मोझिलावाल्यांचा प्रोग्राम आहे, फुकट आहे, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. ‘फ्री डाउनलोड’ची हिरवी बटणं लावून बसलेल्या दुकानांतून नको. नवं खातं जोडताना तो नाव, पत्ता आणि पासवर्ड मागतो आणि सर्व्हरची, म्हणजे मेल ठेवणाऱ्या-पाठवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरची, माहिती स्वतः हुडकतो. जीमेल आणि आउटलुकला त्यांची नेहमीची साइन-इनची खिडकी उघडते, तिथे परवानगी द्यायची. फर्मच्या नावाच्या खात्याला हे हुडकणं कधी कधी जमत नाही. मग ज्यांनी वेबसाइट करून दिली त्यांच्याकडून सर्व्हरची नावं मागून घ्या आणि हातानं भरा. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (ते काय, ते पुढे येईलच), पोर्ट ९९३, एसएसएल, म्हणजे वाटेत कुणी वाचू नये म्हणून लावलेलं कुलूप. जाणाऱ्या मेलसाठी एसएमटीपी, पोर्ट ४६५ एसएसएलसह, नाहीतर ५८७ स्टार्ट-टीएलएससह, तेही कुलूपच. युजरनेमच्या जागी बहुतेक ठिकाणी अख्खा पत्ता लागतो, ॲटच्या चिन्हासकट. निम्मी माणसं इथेच अडकतात.

पाचही एका बैठकीत जोडू नका. एक जोडा, मोबाइलवरून त्यावर मेल पाठवा, थंडरबर्डमधून उत्तर द्या, ते मोबाइलवर कोणत्या पत्त्यानं आणि कोणत्या नावानं आलं ते बघा. मग दुसरं.

नावाचं मुद्दाम सांगतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये दोन नावं असतात. ‘अकाउंट नेम’ फक्त तुम्हाला दिसतं, तिथे पत्ता ठेवण्याऐवजी ‘जीएसटी’, ‘निर्यात’, ‘घर’ असं लिहून टाका. ‘युअर नेम’ समोरच्याला दिसतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना नातवानं बसून खातं जोडून दिलं आणि तिथे लाडानं ‘आबा’ लिहिलं. पाण्याच्या टाकीबद्दल एका सरकारी कार्यालयाला मी तीन कडक पत्रं पाठवली. तिन्ही ‘आबा’ या नावानं गेली. चौथ्या खेपेला मी समक्ष गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, “अच्छा, आबा तुम्हीच का?” टाकीचं काम झालं, पण कडकपणा वाया गेला.

आता टेबल. डावीकडे फोल्डरांच्या यादीच्या वर तीन टिंबं आहेत. ती दाबून ‘फोल्डर मोड्स’मध्ये ‘युनिफाइड फोल्डर्स’वर खूण करा. पाचही खात्यांची आलेली मेल एकाच इनबॉक्सात, तारखेनं लागलेली दिसेल. त्या इनबॉक्साच्या पोटात प्रत्येक खात्याचा इनबॉक्स वेगळाही दिसतो, म्हणजे खरोखर काही मिसळलेलं नसतं, दाखवलं फक्त एकत्र जातं. मेलच्या यादीत ‘अकाउंट’ नावाचा रकाना चालू करून घ्या. १२८ क्रमांकाच्या आवृत्तीपासून प्रत्येक खात्याला रंगही देता येतो. निर्यातीला मी तांबडा दिला असता.

आता थैल्या. आलेल्या मेलला उत्तर देताना, ती ज्या खात्यावर आली त्याच खात्यातून उत्तर जाईल याची काळजी थंडरबर्ड घेतो. घोटाळा कोऱ्या मेलला होतो. ‘न्यू मेसेज’ दाबलं की बऱ्याचदा डिफॉल्ट खातं धरलं जातं. वर ‘फ्रॉम’ अशी ओळ असते, तिथे टिचकी मारली की पाचही पत्ते खाली उघडतात. पाठवण्याआधी नजर त्या ओळीवरून गेलीच पाहिजे. आम्ही थैलीचं तोंड बांधण्याआधी लेबल एकदा मोठ्यानं वाचायचो. रात्रपाळीला, डोळ्यांवर झोप असताना सुद्धा. मुलाला म्हणा, ‘फ्रॉम’ मोठ्यानं वाच. आठवडाभर हसतील, मग सवय होईल. आणि डिफॉल्ट खातं असं ठेवा की चुकून त्यातून गेलं तरी लाज जाणार नाही. तुमच्या बाबतीत फर्मचं.

प्रत्येक खात्याला आपापली सही लावा. निर्यातीच्या सहीत फर्मचं नाव, पत्ता, फोन. घरच्या सहीत काहीच नको. पत्र लिहून झाल्यावर खाली सही भलतीच दिसली की ‘फ्रॉम’ चुकल्याचं आपोआप लक्षात येतं. मी स्वतः दोनदा असा वाचलोय.

अजून एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. प्रत्येक खात्याचा जाणारा सर्व्हर वेगळा लावलेला आहे ना, हे तपासा. फर्मच्या पत्त्याची मेल जीमेलच्या एसएमटीपीतून पाठवली तर जीमेल पाठवणाऱ्याच्या जागी आपला जीमेलचा पत्ता बसवतं, त्या खात्यात फर्मचा पत्ता आधी पडताळून घेतलेला नसेल तर. म्हणजे तुम्ही ‘फ्रॉम’ बरोबर निवडूनही समोर चुकीचं पोचणार. दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरनं ती तशीच पुढे ढकलली, तर घेणारा सर्व्हर विचारतो की या पत्त्याच्या मेल या दारातून निघायची परवानगी आहे का? त्या परवानगीच्या यादीला एसपीएफ म्हणतात, ती तुमच्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदीत असते. यादीत नाव नसलं की मेल स्पॅमच्या खड्ड्यात जायची पाळी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू दोघांनी या बाबतीत हात आवळलाय. वेबसाइटवाल्याला विचारा : एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल मोहोर, लावलंय का? त्यानं डोकं खाजवलं तर दुसरा वेबसाइटवाला बघा.

फिल्टरही लावता येतात. सीएंच्या पत्त्यावरून आलं की ‘जीएसटी’च्या फोल्डरात, शिपिंग एजंटाकडून आलं की ‘निर्यात’मध्ये. पण हे फिल्टर थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच चालतात. दुपारी लाइट गेली, कॉम्प्युटर बंद, तर मोबाइलवर तुम्हाला सगळं तसंच ढिगात दिसणार. ज्या नियमाशिवाय भागतच नाही तो जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लावा. तो सर्व्हरवर चालतो, त्याला सावद्याच्या लाइटशी घेणंदेणं नाही.

आणि नाना, हे सगळं करण्याआधी एक काम करा. सीएंकडच्या माणसानं काढून दिलेल्या जीएसटीच्या खात्यात जाऊन रिकव्हरीचा मोबाइल नंबर कुणाचा आहे तो बघा. माझ्या ओळखीत तिघांच्या खात्यावर असा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर निघाला. पासवर्ड हरवला की कोड त्याच्या खिशात वाजणार. आणि नोटिसा तर त्याच पत्त्यावर येतात.

चोपड्याच्या एका शिक्षिका : शाळेच्या कॉम्प्युटरवर जागा व्हावी म्हणून मी मेल प्रोग्राममधल्या जुन्या मेल उडवल्या. रात्री घरी मोबाइलवर बघते तर तिथूनही गायब! विद्यापीठाच्या प्रशिक्षणाची पत्रं त्यातच होती. परत मिळतील का?

ताई, तुमचं पत्र माझ्यापर्यंत यायला बारा दिवस लागले होते, म्हणून अंकाची वाट न बघता मी फोन केला. जीमेलच्या कचरापेटीत, म्हणजे ट्रॅशमध्ये, मेल ३० दिवस राहते, मग आपोआप पुसली जाते. आपण अठरा दिवस राखून पोचलो. बाकीच्यांसाठी, असं का झालं ते लिहितो.

आयमॅप म्हणजे आरसा. मेल राहते सर्व्हरवर. कॉम्प्युटर आणि मोबाइल दोघंही तिकडेच बघत असतात. एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं. एकीकडे वाचलं की सगळीकडे वाचल्याची खूण. म्हणूनच ते सोयीचं, आणि म्हणूनच ‘इथलं उडवते, तिथलं राहील’ हा हिशेब चालत नाही.

जुनी पद्धत पॉप. तीत कॉम्प्युटर सर्व्हरवरून मेल उचलून घरी आणतो आणि सर्व्हरवरची प्रत, ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’वर खूण नसेल तर, पुसून टाकतो. पोस्टमनकडून पत्र हातात घेतल्यासारखं. नंतर पोस्टात विचारायला गेलात तर तिथे काही नाही. २००९ च्या सुमारास पारोळ्याला माझ्या मेहुण्याचं खातं मी असंच पॉपवर लावून दिलं. खूण करायची राहिली. त्यानं दोन वर्षं आनंदानं वापरलं. मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, हार्ड डिस्क गेली. मुलीच्या परदेशातल्या कॉलेजची सगळी पत्रं, फीच्या पावत्या, सगळं तिच्यात. तो मला एक शब्द बोलला नाही. पुढच्या दिवाळीला फक्त म्हणाला, “दाजी, कॉम्प्युटर घेतलाय नवा, तुम्ही हात लावू नका.” त्याच्या बायकोनं भरीत वाढलं ते खाली मान घालून खाल्लं.

जागा करायचीच असेल तर थंडरबर्डमध्ये खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतात. जुन्या मेल तिथे ओढा. तिथे नेलेल्या मेल सर्व्हरवरून निघतात आणि फक्त त्या कॉम्प्युटरवर उरतात. म्हणजे पारोळ्याचीच गोष्ट पुन्हा. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढल्याशिवाय ओढू नका, आणि शाळेच्या सामाईक कॉम्प्युटरवर तर मुळीच नको.

शिरपूरहून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार : भाऊ, मन्हा पासवर्ड बरोबर शे. मोबाइलवर चालतो, ब्राउझरमध्ये चालतो, मेल प्रोग्राममध्ये टाकला की ‘चूक’ म्हणतो. दहा वेळा टाकला.

काय व्हयनं माहीत आहे का? पासवर्ड बरोबरच आहे. गूगल आता तो अशा रीतीनं घेत नाही. ३० मे २०२२ पासून साध्या जीमेल खात्यांना नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्राममधून शिरता येणं बंद झालं. मायक्रोसॉफ्टनंही आउटलुक डॉट कॉम, हॉटमेलवाल्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. तुमचं खातं जुन्या थंडरबर्डमध्ये फार पूर्वी जोडलेलं दिसतंय.

आधी थंडरबर्ड नवा करा. मग त्या खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’समोर ‘ओऑथ२’ निवडा, म्हणजे पासवर्ड प्रोग्रामकडे न देता साइन-इनच्या खिडकीतून परवानगी द्यायची पद्धत. हाच बदल यादीच्या तळाशी, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरमध्ये जाऊन, तिथेही करा. तो राहिला की मेल येते पण जात नाही, आणि माणूस पुन्हा मला पत्र लिहितो. पुढच्या वेळी खिडकी उघडेल, तिथे पासवर्ड टाका, परवानगी द्या. खिडकी कोरीच राहिली तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा.

प्रोग्राम फारच जुना असेल आणि बदलायचा नसेल, तर गूगलच्या दुहेरी पडताळणीत ‘ॲप पासवर्ड’ काढता येतो. सोळा अक्षरांचा असतो, नेहमीच्या पासवर्डाऐवजी तो टाकायचा. हा पासवर्ड दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवू नका. तुमच्याच पत्रात तुम्ही दुसरा पासवर्ड मला लिहून पाठवलाय. तो आजच बदला. ते पान मी फाडलं.

नंदुरबारहून मिरचीचे आडते : तीन जीमेल खाती जोडली. प्रोग्रामनं डिस्कवर ४२ जीबी जागा घेतली. गूगलकडे तर तिन्हींत मिळून बावीसच भरलेत. बाकीचे वीस कुठून आले?

आडत्याला हिशेब लागायलाच हवा. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला ‘इनबॉक्स’, ‘गुंटूर’ आणि ‘बिलं’ अशी तीन लेबलं असली तरी गूगलकडे ती एकच मेल. थंडरबर्ड प्रत्येक लेबलाला फोल्डर समजतो. त्यात ‘ऑल मेल’ नावाचा फोल्डर असतो, ज्यात सगळंच पुन्हा एकदा. म्हणजे तोलात तेच पोतं दोनदा, तीनदा चढलं. त्यातून तुम्ही बिलांचे फोटो मोठाले पाठवता, हे तुमच्या मेलच्या आकारावरूनच कळलं.

अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’, तिथे ‘ॲडव्हान्स्ड’. ‘ऑल मेल’वरची खूण काढा. काही हरवत नाही; इंटरनेट असेल तेव्हा त्यातलं उघडतंच, फक्त पूर्ण प्रत डिस्कवर ठेवली जात नाही. तिथेच ‘अलीकडचे इतके महिनेच उतरवा’ असंही सांगता येतं. मग फाइल मेन्यूतून ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’. थंडरबर्ड पुसलेली मेल लगेच काढून टाकत नाही, नुसती पुसल्याची खूण करून ठेवतो. कॉम्पॅक्ट केल्यावर जागा खरी मोकळी होते. वर्षानुवर्षं कुणी ते केलं नाही की असा फुगवटा येतो.

बाकी गूगलच्या फुकट १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात. मेल उडवून जागा होत नसेल तर तिकडे बघा.

अमळनेर : दुकानातला मुलगा माझ्या कॉम्प्युटरवर बसतो. तो माझी सगळी खाती वाचू शकेल?

हो. वाचू शकेल, पाठवू शकेल, आणि सेटिंगमध्ये ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ उघडून जतन केलेले पासवर्ड बघूही शकेल. ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा म्हणजे शेवटचं बंद होईल. पण त्या पासवर्डानं आधीच उतरलेली मेल कुलूपबंद होत नाही. त्यासाठी विंडोजमध्ये त्याचं खातं वेगळं काढून द्या. पाच खाती एका खिडकीत आणली की खिडकीला गज लागतात. मुलावर माझा काही राग नाही, बहुतेक वेळा तो क्रिकेटचा स्कोअर बघत असतो.

भुसावळचे एक रेल्वे पेन्शनर : विंडोजमधलं निळ्या पाकिटाचं मेल ॲप बंद झालं. आता?

मायक्रोसॉफ्टनं ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचा आधार, म्हणजे सपोर्ट, काढून घेतला आणि सगळ्यांना नव्या आउटलुककडे वळवलं. नवं आउटलुक वाईट नाही. फक्त एवढं ठाऊक असू द्या की तुम्ही दुसऱ्या कंपनीचं खातं त्यात जोडलं तरी ती मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी सिंक होते. मला ते रुचत नाही. तुम्हाला चालत असेल तर चालवा. नाहीतर गुरुवारी पाचनंतर घरी या, थंडरबर्ड लावून देतो, चहा तुमच्याकडून.

चाळीसगाव : विंडोज १० चा आधार संपला म्हणून नवा कॉम्प्युटर घेतला. सहाही खाती पुन्हा जोडायची का?

गरज नाही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं निरोप दिल्यापासून हा प्रश्न चौथ्यांदा आलाय. जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्डच्या ‘हेल्प’मध्ये ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा, तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’ असतं. खाती, फिल्टर, सह्या, लोकल फोल्डर, जतन केलेले पासवर्ड, सगळं त्या एका फोल्डरात. थंडरबर्ड आधी बंद करा, मग ते फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. चालू असताना घेतलं तर अर्धवट येण्याची भीती. थोडकी मेल असेल तर ‘टूल्स’मधलं ‘एक्स्पोर्ट’ सोपं, पण ते २ जीबीच्या पुढे चालत नाही. नव्या कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्डमध्ये ते घालून सगळं नीट दिसलं की मग तो पेनड्राइव्ह पुसा. त्यात तुमची सहाही खाती आहेत, आणि पेनड्राइव्ह या जिल्ह्यात गावभर फिरतात.

एरंडोलचं पोस्टकार्ड : वय ८१. माझं एकच ई-मेल खातं आहे, तेही पेन्शनसाठी. मुलानं मोबाइलवर लावून दिलंय. मला हे सगळं शिकावं लागेल का?

नाही काका. मोबाइलवरचं उत्तम चाललंय, त्याला हात लावू नका. मुलाला एवढंच विचारा की रिकव्हरीचा नंबर तुमचाच घातलाय ना.

तुमच्या कार्डाचं उत्तर मी कार्डानंच धाडलंय, मंगळवारी दुपारच्या टपालानं निघालं. पोचलं की मागच्या बाजूचा तारखेचा शिक्का बघून कळवा. चार दिवसांहून जास्त लागले असतील तर ते कुठे बसून राहिलं होतं, ते मी तुम्हाला भुसावळहून सांगू शकेन.